ऑर्किडचा केस पेपर

माझी नोकरी मोडलेल्या वस्तूंची. बेंगळुरूच्या पूर्वेला, होसकोट्याच्या रस्त्यावर एका सरकारी कारखान्यात मी होतो. आमच्या विभागात तडकलेले दांडे, दात पडलेली चाकं, फुटलेल्या नळ्या असं सामान टेबलावर मांडायचं, भिंगातून न्याहाळायचं आणि ते का मोडलं याचा अहवाल लिहायचा. एखादी गोष्ट का बिघडली हे आपल्याइतकं कुणाला कळत नाही, अशी माझी त्या काळात ठाम समजूत होती आणि ती मी रोज संध्याकाळी डब्याबरोबर घरी घेऊन यायचो. घरी कपाचा कान तुटला तरी मी तुकडे उजेडाला धरून बघायचो. बायको म्हणायची, "अहो, माझ्या हातून पडला. अहवाल नको."

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. आई गेली, त्याच्या पुढच्या मार्चमध्ये मी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बेंगळुरूला घेऊन आलो. मिरजेजवळच्या एका गावात सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं ते कंपाउंडर होते. येताना त्यांनी एक वळकटी आणली, औषधं जोखायचा छोटा तराजू आणला आणि दवाखान्यातून निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेला कोऱ्या केस पेपरांचा गठ्ठाही आणला. स्टेशनवर उतरल्या उतरल्या त्यांनी जाहीर केलं, "दसऱ्यापर्यंत राहतो. मग बघू."

त्या 'मग बघू'चा अर्थ मला माहीत होता. गावातलं कुलूपबंद घर उघडायचं, एकट्यानं दोन वेळा खिचडी टाकायची आणि पत्रात 'मी मजेत आहे' असं लिहायचं. मला ते नको होतं. त्यांनी कायमचं आमच्याकडे राहावं असं मला मनापासून वाटत होतं. पण आमच्या घरात बापलेकांनी असलं काही एकमेकांच्या तोंडावर बोलायची पद्धतच नव्हती. माझे निरोप त्यांना आणि त्यांचे मला, सगळे आईमार्फत जायचे. आता ते खातंच बंद झालं होतं. मग मी त्यांना "पंखा वाढवू का?" असं विचारायचो आणि ते "नको, बरं आहे," म्हणायचे. आमचा दिवसाचा संवाद बहुतेक एवढ्यात आटपायचा.

आप्पांना कानडीचा गंध नव्हता. भाजीवाल्याशी ते मराठीतच बोलत, फक्त जरा मोठ्यानं. दुपारभर व्हरांड्यात बसून ते समोरची भिंत बघायचे. बायको कॉलनीच्या शाळेत शिकवायची, मी कारखान्यात, त्यामुळे भिंतीला त्यांचा पुष्कळ सहवास मिळाला.

एका रविवारी आम्ही त्यांना लालबागेत नेलं. तिथल्या रोपवाटिकेत एका ऑर्किडपुढे ते उभे राहिले ते हलेनात. भोकं पाडलेली मातीची कुंडी, आत कोळशाचे नि विटांचे तुकडे, नारळाच्या शेंड्या, आणि त्यातून वर आलेले हिरवे दांडे. माती नावालासुद्धा नव्हती. विक्रेता कानडीत दहा मिनिटं माहिती देत होता. आप्पांनी मान डोलवत सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी शुद्ध मराठीत विचारलं, "डोस किती?" त्या माणसाने एक बोट वर केलं. आप्पा म्हणाले, "दिवसातून एकदा. सकाळी." आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी मागून घेतलेली ती मला आठवणारी पहिली वस्तू.

घरी येताच त्यांनी तिचा केस पेपर काढला. नाव: ऑर्किड. वय: माहीत नाही. तक्रार: सध्या काही नाही. मग बाथरूममधून तांब्या भरून आणला आणि रोग्याला पहिला डोस दिला.

आता त्या पाण्याविषयी सांगायला हवं, कारण ते माझ्या अभिमानाचं पाणी होतं. आमच्या कॉलनीत बोअरचं पाणी होतं आणि ते इतकं जड होतं, की साबणाला फेस यायचा नाही. बादल्यांवर पांढरी पुटं चढायची. डोक्यावरून पाणी घेतलं की केसांची दोरी व्हायची. यावर मी स्वतः तोडगा काढला होता. एका जाड प्लास्टिकच्या नळीत पाणी मऊ करणारे बारीक पिवळे मणी भरले, ती बाथरूमच्या नळाला जोडली आणि दर रविवारी तिच्यातून मिठाचं पाणी सोडून ते मणी पुन्हा ताजे करायचे, अशी योजना. साबणाला भसाभसा फेस येऊ लागला. शेजारीपाजारी बघायला यायचे आणि मी त्यांच्यासमोर हात धुऊन दाखवायचो. स्वयंपाकघराचा नळ मात्र थेट बोअरचाच राहिला होता. ते पाणी उकळून आम्ही प्यायचो आणि पातेल्याच्या तळाला चुना धरायचा. तिथेही मणी बसवा म्हणून बायको मागे लागली होती. मी म्हणालो, "बाथरूमचा प्रयोग पुरा होऊ दे."

दीड महिन्यानं ऑर्किडच्या एका पानाचं टोक काळं पडलं.

आठवड्यात तीन पानं झाली. टोकाकडून सुकत येणारी, कडक, तपकिरी काळी टोकं, जणू कुणी उदबत्ती टेकवली होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खाटेवर मला रेल्वेचं वेळापत्रक दिसलं, मिरजेच्या गाडीचं पान दुमडलेलं. हे रोप गेलं की आप्पाही जाणार, हे मला तेव्हाच स्पष्ट दिसलं.

मी मोहीम हाती घेतली. ऑफिसातून भिंग आणलं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला आमच्या विभागाच्या पद्धतीनं माशाच्या सांगाड्यासारखी आकृती काढली. मधला कणा म्हणजे रोग, त्याला येऊन मिळणारे काटे म्हणजे संभाव्य कारणं. ऊन, वारा, कुंडी, कीड, खत, पाणी असे सहा काटे काढले. पहिल्याच झटक्यात मी पाण्यावर काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'मऊ. स्वतः तपासलेले.'

आप्पा खुर्चीवरून बघत होते. म्हणाले, "पाणी का खोडलंस?"

"आप्पा, या कॉलनीतलं सगळ्यात चांगलं पाणी आहे ते."

"बरं," आप्पा म्हणाले. "डॉक्टर सांगतील तसं."

ते मला डॉक्टर म्हणायला लागले ते तेव्हापासून. यात टोमणा किती नि कौतुक किती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कुणालाही कधी कळलं नसतं. पस्तीस वर्षं चेहरा कोरा ठेवून त्यांनी मिक्श्चरच्या बाटल्या भरल्या होत्या. त्याच सुमारास जेवताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. दवाखान्यात नवा डॉक्टर आला, की घाईत कधी कधी डोस दुप्पट लिहून जायचा. आप्पा चिठ्ठी घ्यायचे, "हो साहेब," म्हणायचे आणि बाटलीत बरोबर माप भरायचे. बायकोनं विचारलं, "मग डॉक्टरांना सांगायचा नाहीत?" आप्पांना प्रश्नच कळेना. "रोग्यासमोर डॉक्टरची चूक काढायची? आपण बाटलीत दुरुस्त करायची, सूनबाई. डॉक्टर पोरगेलेसे असतात, खचतात." मी त्या वेळी आमटी वाढून घेत होतो. गोष्ट छान आहे असं मला वाटलं, एवढंच.

माझे उपचार सुरू झाले. पहिला संशयित ऊन. कुंडी व्हरांड्यातून आतल्या खिडकीशी हलवली. काळेपण पुढे सरकलं. मग कीड. निंबोळीचा अर्क फवारला, त्याचा वास चार दिवस घरातून आणि माझ्या शर्टातून गेला नाही. ऑफिसात लोक खुर्च्या सरकवून बसले. पानं आणखी सुकली. मग कुपोषण असेल म्हणून मी खताचा डोस वाढवला आणि मुळांना भरपूर मिळावं म्हणून दिवसातून दोनदा, माझ्या खास पाण्यात कालवून, स्वतः घातला. चौथं पान गेलं, पाचव्याचं टोक काळं झालं.

आप्पा सगळं निमूटपणे बघत होते. फक्त एक दिवस त्यांनी माझं शाईचं पेन मागून घेतलं आणि प्रत्येक पानावर काळं जिथे संपतं नि हिरवं जिथे सुरू होतं तिथे बारीक रेघ ओढली.

"हे कशाला?"

"पायाला सूज असली की आम्ही अशी रेघ मारायचो. दुसऱ्या दिवशी सूज रेघेच्या पुढे गेली की नाही ते बघायचं." मग जरा थांबून म्हणाले, "गेलेला भाग परत हिरवा होत नाही. पुढे जायचं थांबलं, की रोगी वाचला म्हणायचं."

पुढच्याच आठवड्यापासून घरात संशयास्पद गोष्टी घडू लागल्या. आप्पा संध्याकाळी फिरायला जाऊ लागले. जो माणूस फाटकापर्यंतसुद्धा जात नव्हता तो रोज पाचच्या ठोक्याला चपला घालून, हातात कापडी पिशवी घेऊन बाहेर पडायचा आणि तासाभरानं यायचा. पिशवी जड असायची. विचारलं तर म्हणायचे, "पाय मोकळे करून आलो." शिवाय मसाल्याच्या डब्यातली दालचिनी रोज कमी होत होती. बायकोनं आधी माझ्याकडे संशयानं पाहिलं. माझ्या दाढीच्या जुन्या पाकिटातलं एक पातंही गायब झालं.

बायको म्हणाली, "ते तिकिटाच्या चौकशीला जात असतील. रोज थोडं थोडं सामानही बांधत असतील."

"दालचिनी कशाला बांधतील?"

"तुमच्या घराण्याचं काही सांगता येत नाही."

मी हसलो नाही. दसरा दीड महिन्यावर आला होता.

त्या शनिवारी मी लवकर घरी आलो आणि आप्पा निघाल्यावर त्यांच्या मागे गेलो. चाळिशीला टेकलेला सरकारी इंजिनियर स्वतःच्या बापाच्या मागे विजेच्या खांबाआड लपत चालला आहे, हे दृश्य कॉलनीच्या वॉचमननं शांतपणे पाहिलं आणि सलाम केला. आप्पा कॉलनीच्या बाहेर पडले, मोठा रस्ता ओलांडला, जुन्या वस्तीतल्या एका कौलारू घराच्या ओट्यावर चढले आणि स्वतःचं असल्यासारखे खुर्चीत बसले. आतून एक साठीच्या बाई स्टीलच्या पेल्यातून कॉफी घेऊन आल्या. नळाखाली आमचा पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा भरत होता.

मला बघून आप्पांचा पेला हवेतच थांबला. बाईंनी मात्र ताबडतोब दुसरी खुर्ची आणली. तीन पिढ्या बेंगळुरूत राहिलेलं मराठी घर होतं ते. त्यांना सगळे अक्का म्हणायचे.

"हे तुमचा मुलगा काय अण्णा? ये की बाबा, बस. स्वल्प काफी घे. भाजीवाल्याशी मराठीत बोलताना ऐकलं मी यांना, तिथनं ओळख. अण्णा रोज येतात गिडाच्या पाण्याला. आमच्याकडे कावेरीचं पाणी येतंय ना, म्हणून. मी म्हटलं, सरी, न्या की, एका गिडाला किती लागणार!"

गिडा म्हणजे रोप, हे मला माहीत होतं. आणि रोपाला माझं पाणी चालत नाही, हेही आता समजलं होतं. मला राग आला. सांगतो तसाच सांगतो, मला फार राग आला. ज्या पाण्याला हात लावायला कॉलनी रांगेत उभी राहायची, ते सोडून माझा बाप परक्याच्या ओट्यावरून डबा भरून आणतो! मी कॉफी घोटाघोटानं नाही, औषधासारखी एकदम प्यायलो, डबा उचलला आणि पुढे चालू लागलो. आप्पा मागून येत होते. घरी पोहोचल्यावर त्यांनी पिशवी ठेवली आणि ते हातपाय धुवायला गेले.

मी पुराव्यानिशी भांडायचं ठरवलं. त्यांच्या खाटेखालच्या गठ्ठ्यातला ऑर्किडचा केस पेपर काढला. आता त्याची चार पानं झाली होती, तारखेवार, लाल शाईत, कंपाउंडरच्या त्या सुवाच्य अक्षरात. मी उभ्या उभ्या वाचू लागलो.

'ऊन नव्हे. उन्हाने भाजले असते तर पानाच्या मध्यावर डाग पडला असता. बुरशी नव्हे. ठिपके व कडे नाहीत. पाणी कमी नव्हे. दांडे सुरकुतलेले नाहीत. कोळशांवर व कुंडीच्या भोकांशी पांढरा थर. चाखला. खारट. बाथरूमच्या नळाचे पाणी चाखले. खारट.

निदान: पाण्यातील मीठ. त्यावर खत जादा.

उपचार: स्वयंपाकघरातील पाणी जड आहे, ते चालणार नाही. अक्कांकडील नळाचे पाणी आणून कुंडीतून भरपूर निथळू देणे, रोज. खत बंद. डॉक्टर खत देतील तेव्हा हो म्हणावे व ते गेल्यावर धुऊन काढावे. काळी टोके पाते विस्तवावर धरून कापणे, कापल्या जागी दालचिनीची पूड.

सूचना: चिरंजीवांना कळू देऊ नये. यंत्र त्यांनी स्वतः केले आहे.'

मी ते दोनदा वाचलं. मग खिडकीशी गेलो. प्रत्येक पानाचं टोक नीट तिरपं कापलेलं होतं, कापल्या जागी तपकिरी पूड होती, जी मी इतके दिवस सुकलेली कड समजत होतो, आणि शाईच्या नव्या रेघा होत्या. एकाही रेघेच्या पुढे काळं गेलेलं नव्हतं. दांड्याच्या बुडाशी कोळशातून एक नवं मूळ बाहेर आलं होतं, टोकाला पोपटी. गेले तीन आठवडे मी रोज सकाळी भिंग घेऊन या रोपापुढे उभा राहत होतो आणि 'माझ्या खताचा गुण येतोय' असं सगळ्यांना सांगत होतो. आप्पा त्यावर "हो, डॉक्टर," म्हणत होते.

मी बाथरूममध्ये गेलो, ओंजळभर पाणी घेतलं आणि तोंडात धरलं. रविवारी मीठ सोडल्यानंतर मणी पुरेसे धुतले जातच नव्हते. मी त्या पाण्याचा जडपणा बाटलीतल्या थेंबांनी मोजला होता, वहीत तक्ता केला होता, फेसाची उंची पट्टीनं घेतली होती. जिभेवर मात्र कधी ठेवलं नव्हतं.

माझा राग केव्हाच उतरला होता. त्या जागी जे आलं त्यानं डोळे चुरचुरायला लागले, आणि ते मिठानं नव्हतं. सहासष्ट वर्षांचा माणूस रोज मोठा रस्ता ओलांडून पाच लिटरचा डबा वाहत होता, रोप जगावं म्हणून आणि मुलगा खचू नये म्हणून. आई असती तर तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं असतं, अरे, तुझं पाणी खारट आहे म्हणे. आणि मी तिच्याचकरवी त्यांना म्हणालो असतो, की राहू देत त्यांना इथेच.

दुसऱ्या दिवशी रविवारी मी पाना घेऊन ती नळी काढून टाकली. आप्पा व्हरांड्यात पेपर वाचत होते.

मी म्हणालो, "मणी संपले बहुतेक. आता काही चालत नाही ते."

आप्पांनी पेपर खाली केला. चेहरा कोरा. "वाईट झालं," म्हणाले. "चांगलं चाललं होतं."

बायको आतून म्हणाली, "म्हणजे आता पुन्हा केसांची दोरी!" पण कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी पाच वाजता मी चपला घालून तयार राहिलो. आम्ही दोघं अक्कांकडे गेलो, डबा भरला, कॉफी प्यायली. येताना डबा मी घेतला. त्यांनी दिला. पुढचे सगळे दिवस हाच क्रम झाला. बोलणं फारसं वाढलं असं नाही, पण रस्ता ओलांडताना ते माझ्या दंडाला धरायला लागले.

दसरा पाच दिवसांवर आला आणि वेळापत्रक पुन्हा खाटेवर दिसलं. मिरजेच्या गाडीखाली आता पेन्सिलीची रेघही होती. मला रेघा बघायची सवय झाली होती. आप्पांना थांबा म्हणावं म्हणून मी दोनदा व्हरांड्यात गेलो आणि दोन्ही वेळा "पंखा वाढवू का?" विचारून परत आलो. व्हरांड्यात पंखाच नव्हता.

शेवटी ते आंघोळीला गेलेले असताना मी केस पेपर काढला. ऑर्किडला नवं पान आलं होतं, टोकापर्यंत हिरवं, आणि त्याची नोंद त्यांनी आदल्याच दिवशी केली होती: 'प्रकृती सुधारली. आता घरचे लोक सांभाळू शकतील.' मी पेन उघडलं आणि त्याखाली माझ्या गिचमिड अक्षरात लिहिलं:

'चिरंजीवांना सर्व कळले आहे. घरचे लोक सांभाळू शकणार नाहीत. कंपाउंडरांनी कायमचे इथेच राहावे. मला तुम्ही हवे आहात.'

शेवटचं वाक्य खोडावं असं वाटलं, पण बाथरूमची कडी वाजली आणि मी कागद तसाच गठ्ठ्यात सरकवून चोरासारखा ऑफिसला पळालो. दिवसभर माझ्या टेबलावर एक तडकलेला दांडा होता. तो का तडकला ते आजही मला ठाऊक नाही.

संध्याकाळी घरी आलो तर आप्पा चपला घालून, रिकामा डबा घेऊन फाटकाशी उभे होते. नेहमीसारखेच. मी हात धुण्याच्या निमित्तानं आत गेलो आणि गठ्ठा ओढला. माझ्या ओळींखाली लाल शाईत दोन ओळी होत्या.

'सल्ला मान्य.

दालचिनी संपली आहे, येताना आणावी.'